शुभेच्छुकांचा पुरावा चालत नाही

खडकी, पुणे

तीर्थस्वरूप रंगरावमामांच्या चरणी भाचा उत्तरेश्वर याचा दंडवत. (‘तीर्थरूप’ फक्त आईवडिलांना लिहितात. मागचे पत्र माझ्या वतीने माझ्या खोलीतल्या सुदर्शनने लिहिले होते, त्यात तुम्हाला तीर्थरूप केले आहे. ते कृपया माझ्या खात्यावर धरू नये.)

आपला घसा कसा आहे? गुळण्यांचे औषध खरोखर घशात जाते आहे, की मामी म्हणतात तसे तुळशीच्या बुडाशी? कांतामामींचा गुडघा, आईची खोकल्याची उबळ आणि तुमची ती मारकी म्हैस, सगळ्यांची खुशाली कळवावी. मी ठीक आहे. ठीक म्हणजे ताप नाही. पण मामा, मला गेले काही आठवडे इतका राग आला आहे की घास गिळवत नाही, आणि सुदर्शन कारखान्यातून भुकेला येतो तो माझ्यापुढची पोळीही ‘राहू दे, तुला राग आलाय’ म्हणून उचलतो.

हे फोनवर सांगता आले असते. पण तुमच्याशी फोनवर बोलणे म्हणजे मैदानात माइकसमोर उभे राहणे. तुम्ही बोलता, आम्ही ऐकतो. शिवाय तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि माझी फजिती अख्ख्या पारावर जाते. म्हणून पत्र. आणि एक विनंती सुरुवातीलाच करतो: हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत मोबाइलवर स्वतःचे नाव शोधू नका. मामींनाही शोधू देऊ नका. कारण पुढे येईल.

याचे मूळ पिंपळवाडीच्या यात्रा कमिटीत आहे हे तुम्हाला सांगायला नको. तीस वर्षे ज्या कुस्तीच्या मैदानात तुमच्या आवाजाशिवाय हलगीवर काठी पडली नाही, तिथल्या सेक्रेटरीचा कालचा पोरगा तुम्हाला म्हणतो, ‘काका, नेटवर तुमचं काहीच दिसत नाही, यंदा नाव असलेला निवेदक बघतोय आम्ही.’ त्या दिवशी आईने मला फोन केला. एरवी ती फोन लावते आणि रडते, त्या दिवशी रडलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘तुझा मामा बोलायचा बंद झालाय रे.’ मी लहानपणापासून पुष्कळ गोष्टींना भितो (विहीर, परीक्षा, तुमची ती म्हैस), पण तुम्ही गप्प बसला आहात हे ऐकून जितका घाबरलो तितका कधी नाही. चैत्रात कमिटीची बैठक होण्याआधी मामांचे नाव नेटवर आणून दाखवतो, असा शब्द मी तिथल्या तिथे देऊन बसलो.

शब्द देताना मला वाटले होते, काम सोपे आहे. नेटवर एक मोठा मराठी ज्ञानकोश आहे. तो कोणी पगारी माणसे लिहीत नाहीत, तुमच्याआमच्यासारखे लोक फुकट लिहितात. कोणीही लिहावे, असे पहिल्याच पानावर लिहिले आहे. आणि लिहिण्याचे मला काय भय? मी खडकी बाजारात फ्लेक्सच्या दुकानात मजकूर लावतो. वाढदिवस, निवड, नियुक्ती, भावपूर्ण श्रद्धांजली. बारावीनंतर कॉलेज सुटले तरी माझे ऱ्हस्व-दीर्घ सुटलेले नाहीत. म्हणून मी तुमच्या एकसष्टीची गौरविका काढली, त्यातला दिग्विजय सरांचा ‘आखाड्याचा बुलंद आवाज’ हा लेख सगळाच्या सगळा टंकला, सरांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि ज्ञानकोशात चढवला. चढवून जेवायला बसलो. हात धुऊन येतो तो लेख गायब. जागेवर एक ओळ: ‘हा मजकूर अन्यत्र प्रकाशित असून त्यावर प्रताधिकार आहे, म्हणून काढला आहे.’ खाली नाव, ‘तटस्थ ४११०३०’. मी त्या ओळीत शुद्धलेखनाची चूक शोधली. एकही नव्हती. त्यामुळे जास्त राग आला.

प्रताधिकार म्हणजे, मामा, जो लिहील त्याचा त्या लिहिण्यावर हक्क. दुसऱ्याने ते विचारल्याशिवाय उचलायचे नाही. ठीक आहे. मी नम्रपणे लिहिले की दिग्विजय सर आपलेच आहेत. तटस्थने विचारले, ‘आपले म्हणजे कोणाचे?’ मी सविस्तर कळवले की सर आमच्याच आळीतले, मला चौथीला होते, त्यांच्या लग्नात आहेर मामांनीच माइकवरून पुकारले. त्यावर उत्तर आले: ‘अभिनंदन. लेखी परवानगी आहे का?’

मी सरांना फोन केला. सर परवानगी द्यायला एका पायावर तयार होते, पण देता देता अडखळले. म्हणाले, त्या लेखाचा पूर्वार्ध त्यांचा नाही, शेजारच्या गावच्या एका वस्तादांच्या गौरविकेतून घेतलेला आहे, फक्त नाव आणि गाव बदलले. मी विचारले, त्या वस्तादांवर कोणी लिहिला होता? तर तो एका भजनी बुवांच्या गौरविकेतला. ‘अरे, गौरविका अशाच लिहितात,’ सर म्हणाले, ‘बुलंद आवाज सगळ्यांचाच असतो.’ म्हणजे मामा, ज्या लेखाची चौकट करून तुम्ही बैठकीत लावली आहे, त्यातले ‘बालपणापासूनच विठ्ठलभक्तीची ओढ’ हे कोणा बुवांचे आहे. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. विठ्ठलाच्या देवळात तुम्ही फक्त लाउडस्पीकर आणायला गेलेले आम्ही पाहिले आहे.

मग मी स्वतःच्या शब्दांत लिहिले आणि सोबत फोटो लावला. तोच, पिंपळवाडीच्या मैदानातला, फेटा सुटलेला, एका हातात माइक आणि दुसरा हात पडलेल्या पैलवानाच्या पाठीवर. फोटो चढवताना तिथे विचारतात, हे काम कोणाचे? मी ‘स्वतःचे’ वर खूण केली. खोटे बोलायचे म्हणून नाही हो. फोटोत चेहरा मामांचा, मामा माझे, म्हणून. आणि कोपऱ्यात फोटोवाल्याचे नाव होते ते मी पुसून टाकले. आमच्या धंद्यात ती रोजची रीत आहे. गिऱ्हाईक मोबाइलवर कुठला तरी फोटो पाठवते, आम्ही त्यावरची नावे पुसतो, मागची भिंत काढतो, वाघ घालतो. (शिवाय त्या नावात ‘स्टुडिओ’ चुकीचे लिहिले होते आणि ते मला बघवत नव्हते.) तटस्थने फोटो काढला आणि विचारले, ‘कोपऱ्यातले नाव आपोआप गेले का?’ गौरविकेतल्या छापील फोटोवर ते नाव तसेच होते, आणि गौरविका मीच पुरावा म्हणून जोडली होती.

फोटो त्याचा, ज्याने तो काढला. ज्याचा चेहरा आहे त्याचा नाही. हा नियम वाचून मी दुकानातल्या भिंतीकडे पाहिले. तिथे बारा नेते, एक सिंह आणि सुदर्शनच्या साहेबांचा मुलगा होता. एकही फोटो आमचा नव्हता.

आणि हे सगळे कमी म्हणून शेवटी ती पाटी लागली: ‘ही व्यक्ती उल्लेखनीय असल्याचे दिसत नाही. स्वतंत्र स्रोत न दिल्यास लेख वगळला जाईल.’ मामा, हे वाचून मी खुर्चीतून उठलो. उल्लेखनीय नाही? ज्यांच्या हाकेवर तीन जिल्ह्यांतले पैलवान लंगोट कसतात ते? ज्यांनी नाव पुकारले नाही तर पोराचे लग्न जमत नाही ते? कोण ठरवणार हे, पुण्यातला कोणी पिनकोड? (४११०३० हा शनिवार, सदाशिव, नारायण पेठ या भागाचा पिनकोड आहे. मी कुरिअरचे पत्ते लिहितो, मला पाठ आहेत.) मी चर्चापानावर मोठे उत्तर लिहिले. ते लिहिताना इतक्या रागात होतो की दोन अनुस्वार राहिले, ते नंतर जाऊन घातले. तटस्थने उत्तर दिले, ‘भावना पोहोचल्या. स्रोत पोहोचले नाहीत.’ खाली कळवले होते की रविवारी नारायण पेठेत एका वाचनालयात नव्या संपादकांसाठी कार्यशाळा आहे, जमल्यास यावे.

जमल्यास! मी दुकानातून तुमच्या एकसष्टीच्या फ्लेक्सची जादा प्रत काढली, आठ बाय दहा फुटांची, तिची गुंडाळी खांद्यावर घेतली आणि खडकीहून बसने निघालो. कंडक्टर म्हणाला, या माणसाचे वेगळे तिकीट काढा. पूर्ण प्रवासभर तुमचे पाय एका आजोबांच्या मांडीवर होते. त्यांनी ते ओळखले नाहीत, हीही उल्लेखनीयतेच्या दृष्टीने वाईटच गोष्ट, पण मी मनात ठेवली.

मी ज्या महोदयांशी भांडायला गेलो होतो ते महोदय नव्हते. सत्तरीच्या बाई निघाल्या. साधी सुती साडी, साखळीचा चष्मा, नाव कुसुम गानू, कुठल्याशा सरकारी कचेरीतून निवृत्त. इतके दिवस मी त्यांना ‘अहो महोदय, मर्दासारखे समोर या’ असे लिहीत होतो. त्या म्हणाल्या, ‘या उत्तरेश्वर. मला वाटलं त्याहून लहान आहात.’ आणि खांद्याकडे बघून, ‘सतरंजी आम्हीच घालतो इथे.’

मी फ्लेक्स उलगडला. दोन टेबले बाजूला करावी लागली. गानूबाईंनी चष्मा वर करून तो डावीकडून उजवीकडे पूर्ण पाहिला. सगळे चेहरे पाहिले, एकही गाळला नाही.

‘यातले लेखातले कोणते?’

‘मधले. मोठे.’

‘आणि हे बाकीचे?’

‘शुभेच्छुक.’

‘असं. आणि हा लावला कोणी?’

‘मजकूर मीच लावला,’ मी म्हणालो. (विचारले असते तर छापलाही मीच होता.)

‘म्हणजे भाच्याने फ्लेक्स करायचा आणि भाच्यानेच तो पुरावा म्हणून आणायचा. अहो, शुभेच्छुकांचा पुरावा चालत नाही आमच्यात. शुभेच्छा सगळ्यांनाच असतात.’

मागे दोन-तीन जण हसले. त्यांत खराडीच्या कुठल्याशा कंपनीतला एक इस्त्रीचा शर्टवाला होता. तो आपल्या कंपनीच्या मालकाचा लेख टिकवायला आला होता आणि सोबत मालकाला मिळालेल्या पुरस्कारांची रंगीत चित्रे घेऊन. गानूबाईंनी त्याला विचारले, पुरस्कार देणारी संस्था कोणाची? तो म्हणाला, सरांचीच. त्यानंतर तो हसला नाही. मला त्या दिवसातला तेवढाच आनंद.

मग त्यांनी मला बसवले, चहा दिला (अर्धा कप, पुन्हा विचारले नाही) आणि समजावले. आपण कितीही चांगले असलो तरी ते आपल्या माणसांनी सांगून उपयोग नाही. ज्याला आपले काही देणेघेणे नाही, अशा कोणीतरी आपल्याबद्दल छापून लिहिलेले हवे. ‘तुमच्या मामांना ओळखणारा, पण मामांचा कोणी न लागणारा असा एक माणूस नाही का तुमच्या भागात?’

मी विचार करू लागलो. तालुक्याचा वार्ताहर तुमचा मेहुणा. साप्ताहिकाचा संपादक तुमच्या तोंडून मैदानात नाव पुकारलेला. आकाशवाणीवाले आले होते ते मामींच्या माहेरचे. जो तुमचा नातेवाईक नाही तो व्याही आहे, आणि जो व्याही नाही त्याच्या मुलीचे बघणे चालू आहे. आपल्याकडे तटस्थ माणूस पिकतच नाही, मामा. आणि तेवढ्यात मला आठवला. मी गानूबाईंना म्हणालो, एक आहे, पण तो मामांचे चांगले बघत नाही. त्यांचे डोळे पहिल्यांदा चमकले. म्हणाल्या, ‘उत्तम. कुठे लिहिलंय त्याने?’

होय, तोच. श्यामसुंदर. तुमचा लंगोटीयार, ज्याला तुम्ही भर मैदानात पाच गावांसमोर ‘ओ फोटोवाले, आखाड्याच्या बाहेर व्हा’ म्हणालात आणि जो त्या दिवसापासून आपल्या दारावरून जात नाही. जिल्ह्याच्या ज्या दैनिकाला तो फोटो आणि बातम्या देतो, त्यात त्याने त्याच आठवड्यात तुमच्यावर लिहिले होते. तो अंक तुम्ही चुलीत घातलात, पण दैनिकाच्या संकेतस्थळावर चूल नाही. बातमी तशीच आहे. मी ती गानूबाईंना मोबाइलवर दाखवली. दाखवताना मान खाली घातली होती.

त्यांनी ती मोठ्याने वाचली. मथळा होता ‘निवेदकाच्या हट्टापायी कुस्त्या अंधारात’. आत श्यामसुंदरने लिहिले होते की रंगराव बिडवे हे गेली तीस वर्षे निवेदन करत असले तरी त्यांना वेळेचे भान नाही. जिंकलेल्याचे नाव पुकारून भागत नाही. पडलेल्या पैलवानालाही हाताला धरून उभे करतात, त्याचे नाव, गाव, वडिलांचे नाव माइकवरून सांगतात आणि तो आखाड्याबाहेर जाईपर्यंत पुढची जोड लावू देत नाहीत. ‘पडलेल्यांची जंत्री ऐकायला प्रेक्षक येतात काय?’ असा त्याचा शेवट होता.

गानूबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, ‘हे एवढं सोडून बाकी सगळं लिहिलंत तुम्ही.’

मामा, मला राग आला आहे तो इथे. कोणावर ते नीट सांगता येत नाही. गौरविकेतल्या बावीस लेखांत हे नाही. फ्लेक्सवर मीच ‘बुलंद तोफ, मैदानाचा वाघ, कुस्तीप्रेमींच्या गळ्यातील ताईत’ लावले, त्यातही नाही. मी लहानपणी तुमच्या शेजारी बसून ती सगळी नावे ऐकली आहेत, आणि मलासुद्धा लिहायला सुचले नाही. सुचले ते तुमच्या शत्रूला, आणि तेही शिवी म्हणून.

तर आता ज्ञानकोशात तुमच्यावर तीन वाक्ये आहेत. रंगराव बिडवे हे कुस्ती मैदानांचे निवेदक आहेत. ते तीस वर्षांहून अधिक काळ निवेदन करत आहेत. आणि तिसरे: पराभूत मल्लाचेही नाव, गाव व वडिलांचे नाव पुकारण्याच्या त्यांच्या पद्धतीवर ती वेळखाऊ असल्याची टीका झाली आहे. तिन्ही वाक्यांखाली पुरावा एकच, श्यामसुंदर. वर पाटी आहे की आणखी स्रोत हवेत. फोटो नाही. म्हणून म्हटले, आधी पत्र वाचा, मग शोधा. त्या तिसऱ्या वाक्यावर फोन आपटू नका, मागच्या वेळी काच गेली होती.

माझ्यापुरते म्हणाल तर मी त्या ज्ञानकोशाचे पुन्हा तोंड पाहणार नाही. चांगल्या माणसाबद्दल चांगले लिहायला शत्रूची सही लागते, असल्या कारभारात माझ्यासारख्याने राहू नये. मामींना नमस्कार, आईला काळजी करू नको म्हणून सांगावे. म्हशीपासून जपावे.

आपला आज्ञाधारक भाचा,
उत्तरेश्वर

ता. क. मुख्य काम लिहायचे राहिले. तो फोटो श्यामसुंदरने काढलेला आहे. कोपऱ्यात मी पुसले ते नाव त्याच्याच स्टुडिओचे. फोटो लेखात लागायचा तर त्याने स्वतः लेखी कळवायला हवे की हा फोटो कोणीही कुठेही वापरावा. तरी आपण त्याच्या घरी जाऊन तेवढे मागून आणावे.

ता. क. दुसरा. पण जाल तेव्हा भांडण मिटवू नका. मी गानूबाईंना विचारून घेतले आहे. तुमची पुन्हा दोस्ती झाली तर त्याची बातमी मित्राची बातमी होईल, आणि आहे तो एकुलता एक तटस्थ माणूस जाईल. तेव्हा फोटो मागा, पण तोंड वाकडे ठेवून. चहा घेऊ नका. जमल्यास दुसऱ्या एखाद्या वार्ताहराशीही बिनसवून ठेवा, आणखी एक स्रोत लागणारच आहे.

ता. क. तिसरा. (हे पत्र दुकानात तीन दिवस तसेच राहिले, कारण मी रोज जेवणाच्या सुट्टीत ज्ञानकोशातून इतरांचे फ्लेक्स, म्हणजे शुभेच्छुकांनी चढवलेले लेख, काढून टाकत होतो. गानूबाईंनी सोपवले आहे. वर जे तोंड न पाहण्याबद्दल लिहिले आहे ते खोडत नाही, खाडाखोड वाईट दिसते.) आत्ता आईचा फोन आला. ती म्हणते, सेक्रेटरीच्या पोराने ती तीन वाक्ये बैठकीत वाचून दाखवली, हा माणूस फार वेळ लावतो हे दाखवायला. पण कमिटीतले निम्मे लोक कधी ना कधी त्याच आखाड्यात पडलेले आहेत. निमंत्रण तुम्हालाच आहे. आणि कमिटीच्या वतीने ते घेऊन घरी आला तो श्यामसुंदर, तुम्ही दोघांनी तीन वेळा चहा घेतलात, आणि तुम्ही बोलायला लागलात ते आईला मध्ये शिरता येईना.

झाले. माझा तटस्थ माणूस तुम्ही चहात बुडवलात. नियमाने मी हे गानूबाईंना आजच कळवायला हवे. कळवलेले नाही. आता हे एकच निस्तरायचे राहिले आहे आणि ते तुमच्याच हातात आहे: पिंपळवाडीला तो फोटो काढायला आखाड्यात उतरेलच. त्याला माइकवरून पुन्हा बाहेर काढा. नाव, गाव आणि वडिलांच्या नावासकट.